मिस आयसिल्डाच्या पत्त्यावरची बावीस माणसं

खातं कुठल्या बँकेत उघडावं हा प्रश्न जोनेलनं फक्त स्वतःला विचारला होता. पण पिमेंटो गल्लीत प्रश्न मनातल्या मनात विचारला तरी दुपारपर्यंत मिस क्लोव्हरच्या दुकानात त्याची उत्तरं तयार असतात. तीही फुकट, न मागता, आणि प्रत्येकाचं वेगळं.

सगळं सुरू झालं एका पत्रानं. किंग्स्टनच्या विद्यापीठात तीन वर्षं शिकायची फी, हॉस्टेल आणि जेवण असं सगळं देणारी शिष्यवृत्ती जोनेलला मिळाली होती. पत्र निघालं होतं दोन आठवड्यांपूर्वी. गल्लीतल्या घरांना नंबर नाहीत, म्हणून पोस्टमन टेकडी चढायच्या भानगडीत न पडता सगळ्यांची पत्रं क्लोव्हरच्या काउंटरवर टाकून जातो, आणि क्लोव्हरनं हे पत्र पिठाच्या पोत्याखाली इतकं जपून ठेवलं होतं की ते सोमवारी पोतं संपल्यावर सापडलं. पत्रात शेवटी लिहिलं होतं, की शुक्रवारी दुपारी चारपर्यंत स्वतःच्या नावावरच्या बँक खात्याचा नंबर कळवावा, नाहीतर शिष्यवृत्ती यादीतल्या पुढच्या उमेदवाराला जाईल. पुढची उमेदवार पाद्रीबाबांची पुतणी होती. ती आतापासूनच जोनेलकडे प्रेमानं बघायला लागली होती.

जोनेल पद्धतशीर मुलगी. तिनं वहीचं पान आडवं धरलं, रेघा मारल्या आणि तक्ता केला. वर तीन रकाने: क्लॉक टॉवरखालची बँक, बाजारातली बँक आणि पतपेढी. बाजूला ओळी: फी किती, कमीत कमी शिल्लक किती, व्याज किती, फुकट काय मिळतं, आणि किती दिवस हात लावला नाही तर खातं बंद होतं.

क्लॉक टॉवरवाले विद्यार्थ्यांना पाठीवरची सॅक आणि छत्री फुकट देत, पण दर महिन्याला इथले साडेतीनशे डॉलर कापून घेत. म्हणजे वर्षभरात छत्रीचे पैसे आठ वेळा वसूल. नाकापेक्षा मोती जड, असं जोनेलनं समासात लिहिलं. पतपेढीवाले चांगले होते, घरचे होते, व्याजही बरं देत. पण नवा सभासद करून घ्यायला त्यांची कमिटी महिन्याच्या शेवटच्या शनिवारी बसे, आणि हा शुक्रवार महिन्यातला दुसरा होता. बाजारातली बँक फुकट काही देत नव्हती, पेनसुद्धा दोरीला बांधलेलं. पण पंचवीस वर्षांचं होईपर्यंत फी नाही, शिल्लक ठेवायची सक्ती नाही, आणि कागद बरोबर असले तर नंबर त्याच दिवशी. सहा महिने हात लावला नाही तर मात्र खातं बंद.

तिची मावशी समोर बसून कलालूची भाजी निवडत होती. मिस आयसिल्डा म्हणजे गल्लीतलं मोठं प्रस्थ. भिशी तीच चालवायची. दर शनिवारी एकतीस माणसं तिच्याकडे पैसे टाकायची, दर शनिवारी एकाचा नंबर लागायचा, आणि वीस वर्षांत एका डॉलरचा घोळ झाला नव्हता. जोनेलची आई फ्लोरिडात म्हाताऱ्यांची सेवा करायला गेली तेव्हा जोनेल तीन वर्षांची होती. तेव्हापासून ती या दोन खोल्यांच्या घरात, मावशीजवळ.

"माझा रकाना कुठाय?" मावशीनं विचारलं.

"तू बँक नाहीस, मावशी."

"नाहीच. बँक मी बघितलीये. मागं एकदा सकाळी दहाला पासबुक घेऊन गेले तर फाटकाला कुलूप. चार तास उन्हात उभी. आतला वॉचमन मला म्हणतो, बाई, घरी जा, बँक बुडाली. सात वर्षांची शिलाई बुडाली माझी, आणि तो सांगतोय घरी जा. ज्या दाराला आतून कुलूप लागतं तिथं मी परत पैसे ठेवायची नाही. काढ रकाना."

जोनेलनं चौथा रकाना काढला. मावशीच्या शब्दापुढं वहीचं काय चालणार?

"फी?"

"नाही."

"कमीत कमी शिल्लक?"

"लाज. तेवढी शिल्लक असली की पुरे."

"व्याज?"

"रोजचं जेवण. आणि फुकट काय मिळतं म्हणशील तर माझी बोलणी लिही."

"किती दिवस हात लावला नाही तर बंद?"

मावशीचे हात भाजीत थांबले. तिनं एक देठ मोडला, मग दुसरा.

"ती ओळ राहू दे रिकामी. बघू. तिकडे हॉस्टेलला गेलीस की तुझा पत्ताच बदलणार," ती म्हणाली, आणि भाजी घेऊन आत गेली.

आता बँकेत खातं उघडायचं म्हणजे पत्त्याचा पुरावा लागतो, आणि पत्त्याचा पुरावा म्हणजे लाईट बिल. पिमेंटो गल्लीत लाईट सगळ्यांकडे आहे, बिल मात्र थोड्यांकडेच. निम्म्या घरांत आकडा टाकलेला. उरलेल्यांत बिल येतं ते मेलेल्या आजोबांच्या नावानं, नाहीतर बर्मिंगहॅमला गेलेल्या काकाच्या. स्वतःच्या नावाचं, चालू, भरलेलं आणि खरं बिल असलेली बाई गल्लीत एकच: मिस आयसिल्डा. ते बिल बिस्किटाच्या डब्यात, प्लास्टिकच्या पिशवीत असे.

अकरा वर्षांपूर्वी क्लोव्हरचा मुलगा अमेरिकेतून पैसे पाठवू लागला, तेव्हा ती पहिल्यांदा ते बिल मागायला आली. 'मी मिस आयसिल्डाकडे राहते' असं बँकेत सांगून तिनं खातं उघडलं, आणि संध्याकाळी बिल परत देताना बारा अंडी घेऊन आली. मग टॅक्सीवाला डेव्हन आला. मग मास एग्बर्ट आले. मग रीतच पडली. ज्याला खातं उघडायचं त्यानं फाटकातून हाक मारायची, बिल न्यायचं, दिवे लागायच्या आत परत आणायचं, सोबत केळ्यांचा फणा नाहीतर खाऱ्या माशाचा तुकडा. बँकेचं तोंड न बघणाऱ्या मावशीनं अख्ख्या गल्लीला बँकेत पोचवलं होतं, आणि यात तिला काही वावगं वाटत नव्हतं. शेजारधर्म म्हणतात तो हाच, असं तिचं मत.

फाटकातून हाक मारायची ती अशी: "आयसिल्डा, कुत्रं धर गं!" कारण अंगणात सार्जंट असे. तपकिरी रंग, एक कान उभा, एक पडलेला, स्वभाव एकदम सरकारी. घरच्या दोघींखेरीज तो कुणालाच ओळखत नसे. मास एग्बर्ट दिवसातून तीनदा फाटकावरून जात, आणि सार्जंट तीनही वेळा त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच बघितल्यासारखा भुंके.

मंगळवारी सकाळी जोनेलनं इस्त्रीचा पांढरा ब्लाउज घातला, डब्यातलं बिल घेतलं आणि डेव्हनच्या टॅक्सीनं, मागच्या सीटवर पाचवी म्हणून बसून, खाली गावात गेली. बाजारातल्या बँकेत दीड तास रांग. खिडकीत मिस फ्रेटर नावाच्या बाई. त्यांनी कागद बघितले, फोटो बघितला, टॅक्सचा नंबर बघितला. सगळं चोख. मग त्यांनी पत्ता कॉम्प्युटरवर टाकला, आणि त्यांचा चष्मा हळूहळू नाकावरून खाली आला.

"घरी कोण कोण असतं?"

"मी आणि मावशी, मॅडम."

"दोघीच?"

"आणि कुत्रा."

मिस फ्रेटरनी स्क्रीन फिरवली. "या नव्या सिस्टीममध्ये पत्ता टाकला की त्या पत्त्यावरची सगळी खातेदार मंडळी दिसतात. तुझ्या घरी बावीस जण राहतात, बाळ. तुझी मावशी सोडून. तिचं तर खातंच नाही."

जोनेलनं यादी वाचली. क्लोव्हर. डेव्हन. डेव्हनच्या दोन्ही बायका, ज्या एकमेकींचं तोंड बघत नसत आणि गेली चार वर्षं कागदावर एकाच घरात नांदत होत्या. मास एग्बर्ट. तो बेकरीवाला, जो गल्ली सोडून गेला तेव्हा जोनेल नववीत होती. तिला वाटलं, खरं सांगावं. मग वाटलं, खरं सांगितलं तर या बावीस जणांचं काय होईल? तिनं तोंड मिटलं.

"तेविसावं खातं मी असंच उघडू शकत नाही," मिस फ्रेटर म्हणाल्या. वाईट वाटत होतं त्यांना, पण नियम तो नियम. "आमचे डेक्रेस साहेब गुरुवारी टेकडीकडे येतात. ते पत्ता बघून जातील. त्यांनी हो लिहिलं तर शुक्रवारी सकाळी नंबर देते."

"आणि नाही लिहिलं तर?"

मिस फ्रेटरनी चष्मा वर सरकवला आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

जोनेल बाहेर आली ती चिडूनच. ज्या बाविसांचा त्या घराशी काडीचा संबंध नव्हता त्यांना खाती मिळाली, आणि जी पंधरा वर्षं त्या घरात जेवत, झोपत, आजारी पडत होती तिलाच पुरावा मागत होते. क्लॉक टॉवरकडे जावं का? टॅक्सीच्या थांब्यावर तिनं डेव्हनला हळूच विचारलं.

"तिकडे पण आम्ही नऊ जण आहोत," डेव्हन म्हणाला. "छत्रीसाठी."

संध्याकाळी तिनं सगळं मावशीला सांगितलं. सांगताना क्लोव्हर ओट्यावरच होती, साखर उधार दिली होती त्याबद्दल बोलायला आलेली. तिनं 'बावीस', 'बँक' आणि 'गुरुवार' एवढे तीन शब्द ऐकले आणि साखर विसरली. बुधवारी सकाळी अख्खी गल्ली मिस आयसिल्डाच्या ओट्यावर होती, आणि सार्जंट मागं आंब्याला बांधलेला, घसा बसेपर्यंत भुंकत.

"मोजणी होणार," क्लोव्हर म्हणाली. "राहत नाही असं दिसलं की खातं बंद. माझ्या पोराचे पैसे मग काय हवेत येतील?"

"अहो, ते फक्त माझ्यासाठी येतायत," जोनेल म्हणाली.

"पोरी," मास एग्बर्ट म्हणाले, "एका माणसासाठी बँक कधी टेकडी चढते का?"

मास एग्बर्ट म्हणजे निवृत्त पोस्टमन. तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या पत्त्यावर पत्रं पोचवली. त्यांचं स्वतःचं घर मात्र कुणाच्या जमिनीवर आहे हे कोर्टालाही अजून सांगता आलेलं नाही, त्यामुळं त्यांना स्वतःला पत्ता नव्हता. सरकारी कागद आपल्याला कळतो, याचा त्यांना भारी अभिमान. त्यांनी काठी टेकली आणि सूत्रं हातात घेतली.

"साहेब येईल तेव्हा इथं बावीस माणसं राहत असली पाहिजेत. बास. प्रत्येकानं कपडे आणायचे, ब्रश आणायचा, आपली झोपायची जागा पाठ करायची. आणि एक ध्यानात ठेवा. फक्त स्वतःबद्दल बोलायचं. दुसऱ्याबद्दल विचारलं तर 'मला माहीत नाही'. एकानं दुसऱ्याची साक्ष दिली की दोघं अडकतात. तीस वर्षांचा अनुभव आहे माझा."

"माझ्या घरात तीन खाटा आहेत, एग्बर्ट," मावशी म्हणाली.

"पाळ्या लावू."

मावशीनं कपाळाला हात लावला. पण बिल तिचं होतं, माणसं तिच्या भिशीतली होती, आणि क्लोव्हर खरोखरच रडकुंडीला आली होती. मावशी उठली आणि मोठं पातेलं काढायला गेली. बावीस माणसं आली तर त्यांना जेवू घालावं लागणार, मग ती खोटी राहणारी का असेनात.

गुरुवारी सकाळी जोनेलला स्वतःच्या घरात उभं राहायला जागा नव्हती. तिच्या कपाटात क्लोव्हरचे फुलाफुलांचे झगे लटकत होते. जोनेलचे कपडे गाठोडं करून शेळीच्या गोठ्यात गेले होते. डेव्हनच्या दोन बायकांनी खोलीच्या मधोमध खडूनं रेघ मारून घेतली होती. न्हाणीत एका पेल्यात बावीस ब्रश कोंबलेले. जोनेलचा ब्रश त्यात मावत नव्हता, म्हणून कुणीतरी तो बाहेर काढून खिडकीत ठेवला होता, आणि खिडकीतून तो कोंबड्यांनी नेला. भिंतीवरचा तिचा दहावीचा फोटोसुद्धा काढला होता, तिथं बेकरीवाल्याच्या मेव्हण्याची टोपी टांगायची होती. बेकरीवाला स्वतः येऊ शकला नव्हता, तर त्यानं बदली माणूस पाठवला होता.

अकरा वाजता डेक्रेस साहेब आले. तरुण माणूस, टाय लावलेला, टॅक्सी खालीच सोडून चढण चालत आल्यामुळं घामानं निथळत होता. हातात एक कागद. फाटकात उभं राहून त्यांनी आत बघितलं. ओट्यावर सात जण, पायरीवर चार, खिडक्यांत डोकी, आणि सगळे जण अगदी घरच्यासारखे बसण्यात इतके गुंतलेले की कुणी हललंसुद्धा नाही.

"आज काही कार्य आहे का घरात?"

"नाही साहेब, रोजचंच," क्लोव्हर म्हणाली. "आम्ही इथंच राहतो."

"जोनेल कोण?"

"मी," जोनेल मागून म्हणाली. पुढं यायला तिला डेव्हनला ओलांडावं लागलं.

साहेब बरे होते. त्यांनी मावशीनं दिलेलं लिंबाचं सरबत घेतलं, टाय सैल केला, आणि सरळ कामाला लागले. "तू इथं राहतेस?"

"हो साहेब. तीन वर्षांची असल्यापासून."

"माझी भाची आहे ती," मावशी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, हातात डाव तसाच. "या हातानं वाढवलीय."

"बिल तुमचं आहे ना, बाई? मग तुमची साक्ष धरता येत नाही. नियम आहे. तुझी खाट कुठली, जोनेल?"

जोनेल त्यांना आत घेऊन गेली. खिडकीजवळची तिची खाट. त्या खाटेवर मास एग्बर्ट पायजम्यात, अंगावर तिचीच गोधडी ओढून पडले होते.

"ही माझी," मास एग्बर्ट म्हणाले. "बारा वर्षं झाली."

"मास एग्बर्ट," जोनेल दात आवळून म्हणाली.

"पूर्वेकडं डोकं करून झोपतो मी," त्यांनी साहेबांना माहिती पुरवली. पाठांतर पक्कं होतं, आणि पाठांतर पक्कं असलं की मास एग्बर्टना पुढंमागं काही दिसत नसे.

"कपाट?" साहेबांनी विचारलं.

कपाटातून झगे बाहेर आले. क्लोव्हर म्हणाली, माझे.

"दात घासायचा ब्रश तरी?"

"कोंबड्यांनी नेला," जोनेल म्हणाली. हे खरं होतं, आणि खरं असूनही तिच्याच कानाला ते धडधडीत खोटं वाटलं.

साहेबांनी सभोवार बघितलं. "इथल्या कुणीतरी सांगा. ही मुलगी इथं राहते का?"

जिनं जोनेलच्या शाळेच्या पहिल्या दिवशी तिच्या बुटांना पॉलिश केलं होतं ती क्लोव्हर जमिनीकडं बघत राहिली. "मला दुसऱ्यांचं काही माहीत नाही, साहेब." डेव्हन म्हणाला, मी फक्त माझ्यापुरतं सांगू शकतो. डेव्हनच्या दोन्ही बायका चार वर्षांत पहिल्यांदा एका सुरात म्हणाल्या, माहीत नाही. मास एग्बर्टनी खाटेवरून समाधानानं मान डोलावली. शिकवलेलं वाया गेलं नव्हतं.

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

जोनेलला रडू आलं नाही, संताप आला. पंधरा वर्षं. या खाटेवर तिनं कांजिण्या काढल्या, या दिव्याखाली परीक्षांचा अभ्यास केला, आणि आज या घरात तिची म्हणून एक वस्तू दाखवता येत नव्हती. उद्या चारला पाद्रीबाबांची पुतणी किंग्स्टनची स्वप्नं बघायला लागेल. आणि ही माणसं वाईट असती तर तिला बरं वाटलं असतं. ती वाईट नव्हती, हेच सगळ्यात जास्त लागलं.

मावशी हे सगळं दारातून बघत होती. तिनं डाव पातेल्यात टाकला आणि मागच्या दारानं बाहेर गेली. दोरी आपोआप सुटली असं ती आजही सांगते. आंब्याला ती गाठ तिनंच मारली होती आणि तिची गाठ कधी सुटत नाही, हे भिशीतल्या एकतीस माणसांना माहीत आहे.

सार्जंट आला तो दोन दिवसांचा राग घेऊन. ओट्यावरचे सात जण एका दमात कुंपणापलीकडे गेले. क्लोव्हरनं या वयात पपईच्या झाडावर चढता येतं हे सिद्ध केलं. डेव्हनच्या बायका खडूची रेघ पुसत एकमेकींच्या गळ्यात पडून मागच्या दारानं पळाल्या. बेकरीवाल्याचा बदली मेव्हणा तर टोपी टाकून जो पळाला तो खालच्या रस्त्यावर थांबला. सार्जंट आत शिरला आणि खाटेकडं वळला. मास एग्बर्ट बारा वर्षांचा रहिवास सोडून, गोधडीसकट, पूर्वेकडच्या खिडकीतून बाहेर पडले.

उरले डेक्रेस साहेब. ते टेबलावर चढले होते, कागद छातीशी धरून. सार्जंटनं त्यांच्याकडं बघून वरचा ओठ उचलला.

"सार्जंट," जोनेल म्हणाली. "बस."

सार्जंट वळला. तिचा हात हुंगला, एक लांब उसासा टाकला, आणि रोजच्यासारखा तिच्या दोन्ही पायांवर अंग टाकून आडवा झाला. मग त्यानं डोळे मिटले. कामाची वेळ संपली होती.

घरात इतकी शांतता झाली की स्वयंपाकघरात पातेलं रटरटताना ऐकू येत होतं. साहेब टेबलावरून खाली बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. हसू आवरेना तेव्हा त्यांनी टेबलावरच बैठक मारली.

"या घरात किती जण राहतात, ते आता कळलं मला."

"साहेब, त्या लोकांचं काही लिहू नका," जोनेल म्हणाली. मघाचा संताप अजून पुरता उतरला नव्हता, तरी तोंडातून आधी हेच निघालं. "त्यांची खाती..."

"कोणाचं? हे बघ." साहेबांनी कागद तिच्यापुढं धरला. कागदावर एकच नाव होतं, तिचं. एकच प्रश्न होता: अर्जदार या पत्त्यावर राहते काय. पुढं दोन चौकोन, हो आणि नाही. "मला फक्त एकीला बघायला पाठवलं होतं. बावीस जणांबद्दल मला कुणी विचारलेलं नाही, आणि न विचारलेलं सांगायची मला सवय नाही. माझं पहिलं खातं मी ज्या आत्याच्या बिलावर उघडलं, त्या आत्याचं आडनाव मला अजून माहीत नाही."

त्यांनी 'हो'च्या चौकोनात खूण केली. खाली शेऱ्याची ओळ होती. थोडा विचार करून त्यांनी लिहिलं: घरच्या कुत्र्याने समक्ष ओळखले.

खिडकीबाहेरच्या जास्वंदीतून मास एग्बर्टचा आवाज आला. "एकीसाठीच आले होते?"

"मी सांगत होते की," जोनेल म्हणाली.

जास्वंद हलली. मग तिथून गोधडी आत आली, नीट घडी घातलेली. पपईच्या झाडावरून क्लोव्हरनं विचारलं, साहेब, मी इथं राहत नाही हे कुणाला सांगणार नाही ना? साहेब म्हणाले, बाई, आधी उतरा.

बावीस माणसांचं जेवण तयार होतं, ते सगळ्यांनी मिळून खाल्लं. साहेबांनी दोनदा मागून घेतलं. क्लोव्हरनं जोनेलच्या ताटात स्वतःच्या वाटचा कोंबडीचा तुकडा ठेवला आणि तिच्याकडं न बघता म्हणाली, "तुला इथं कोण ओळखत नाही गं, पोरी? उगीच घाबरलो." जोनेलनं तो तुकडा सार्जंटला दिला. पण क्लोव्हरच्या शेजारून ती उठली नाही.

शुक्रवारी सकाळी दहाला मिस फ्रेटरनी शेरा दोनदा वाचला, शिक्का मारला आणि नंबर दिला. चारला सहा तास बाकी होते. पाद्रीबाबांच्या पुतणीला पुढच्या वर्षी दुसरी शिष्यवृत्ती मिळाली, त्यामुळं तिची काळजी नको.

जोनेल किंग्स्टनला गेली. पहिल्या महिन्यात ती मावशीला रोज फोन करायची, दुसऱ्यात एक दिवसाआड, आणि नोव्हेंबरात परीक्षा आल्या तेव्हा तीन आठवडे फोन झालाच नाही. मावशीनंही केला नाही. मी का करू, असं तिनं क्लोव्हरला सांगितलं, आणि सांगताना दुकानातलं पीठ तीनदा विनाकारण मोजायला लावलं.

ख्रिसमसच्या आधी जोनेल बॅग घेऊन गल्ली चढली. कुंपणावर बसलेल्यांनी हातातली कामं टाकली. मास एग्बर्ट पुढं झाले. मावशी महिनाभर म्हणत होती, की तीन महिने बाहेर राहिलेल्या माणसावर कुत्रं भुंकतं, आणि ते आता सगळ्यांना बघायचं होतं.

सार्जंट फाटकाशी पडलेला होता. जोनेलनं त्याला ओळखलं नाही, इतका तो फुगला होता. त्या गुरुवारपासून गल्लीतला प्रत्येक जण रोज संध्याकाळी फाटकाशी येऊन त्याला काहीतरी घालत होता. कोंबडीची हाडं, माशाची डोकी, तळलेल्या पिठाचे गोळे. पुन्हा बँकेचा माणूस आला तर आपणही ओळखीचे निघावेत, ही सगळ्यांची दूरदृष्टी. आता सार्जंट कुणावर भुंकत नव्हता. कुणासाठी उठतही नव्हता. मास एग्बर्ट त्याला ओलांडून जात, तरी तो कानसुद्धा हलवत नसे.

जोनेल फाटकात थांबली. सार्जंटनं एक डोळा उघडला. मग मोठ्या कष्टानं, आधी मागचे पाय, मग पुढचे, असा तो उठला, चार पावलं चालत आला आणि तिच्या पायांवर धप्पकन पडला. कुंपणावरचे सगळे खाली उतरून आपापल्या कामाला गेले.

मावशी दारात होती. "वाळलीस," एवढंच म्हणाली आणि आत चहा टाकायला गेली.

टेबलावर ती जुनी वही पडली होती, तक्त्याचं पान उघडं. जोनेलनं बघितलं. तीन बँकांच्या रकान्यांत तिचं शाईतलं नीटनेटकं अक्षर. चौथ्या रकान्यातल्या शेवटच्या ओळीत, जी रिकामी ठेवली होती तिथं, मावशीनं पेन्सिलीनं, दोनदा खोडून, लिहिलं होतं:

बंद होत नाही. पण रविवारी फोन करावा लागतो.